काज

आमचं दुकान पवननगरला, भाजीबाजाराच्या तोंडाशी.
पाटीवर वडिलांनी रंगवून घेतलं होतं: जेंट्स अँड लेडीज.
मधला 'अँड' उन्हाने खाल्ला,
आता तिथे नुसती जागा आहे.
त्या जागेखाली माझं मशीन.

पुरुषाचं बटण उजव्या अंगाला, बाईचं डाव्या.
का, विचारलं तर वडील म्हणाले, असतं.
चाळीस वर्षं शिवतोय. असतं.
शर्टाला खिसा, ब्लाउजला नाही.
बायका पैसे कुठे ठेवतात
हे सगळ्या पवननगरला माहीत आहे
आणि कुणी कधी पाहिलेलं नाही.

तेव्हा वय चार, फार तर पाच.
दिवसभर आईजवळ, म्हणून तिचीच भाषा तोंडात:
मी आले. मी जेवले. मी पडले, बघ, रक्त.
मग शाळा. वाघचौरे बाई.
'आले नाही रे, आलो. म्हण दहा वेळा.'
वर्ग हसला. दहा वेळा म्हणून झालं.
अकराव्या वेळी कुणीच हसलं नाही,
तेव्हाच बहुधा मुलगा तयार झाला,
इस्त्रीची घडी बसते तसा.

आणि कोल्हापूरहून लग्न होऊन आलेली शेवंताकाकू
ओट्याशी उभी राहून म्हणायची, मी आलो की. जेवलो की मघाशीच.
तिला कुणी दहा वेळा म्हणायला लावलं नाही.
'त्यांच्याकडे असंच बोलतात.'
म्हणजे कुठेतरी असंच बोलतात!
म्हणजे एसटीने रात्रभराच्या अंतरावर
क्रियापदाचं बटण दुसऱ्या अंगाला असतं
आणि तरी बाई भाकरी थापते, भांडते, बाईच राहते.
हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून भूतकाळ जपून.
कुठे होतास? घाटावर जाणं झालं.
जेवलास? हो, झालं जेवण.
मराठीत पळवाटा आहेत, शोधणाऱ्याला सापडतात.
मी शिवलं, मी उसवलं, मी पाहिलं:
कर्म असलं की कर्ता वाचतो.
म्हणून तर काम धरलं.
भविष्यकाळात तर काहीच अडत नाही.
मी येईन. मी जाईन.
पुढचं अजून कुणी ठरवलेलं नसतं.

रात्री नऊनंतर, शटर अर्धं ओढल्यावर,
वेगळी गिऱ्हाइकं येतात.
अंबडच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवणारी हर्षाली:
'शर्ट. खिसा खोल. आणि ते चिमटे नकोत छातीला.'
सातपूरचा एक, नाव लिहू देत नाही,
पिशवीत वर मेथीची जुडी, तळाशी
येवल्याच्या पैठणीचा तुकडा, काठासकट.
'बहिणीचं माप आहे,' म्हणतो
आणि स्वतःच हात वर करून उभा राहतो.
टेप फिरते. छत्तीस.
वहीत मी लिहिलं: बहीण, छत्तीस.
टेपेला इंचापलीकडे काही कळत नाही.
तिचं बरं आहे.

पावसाळ्यात गावही माप घेतं,
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर:
गुडघा, कंबर, छाती.
उतरलं की नदी ती,
ओंजळीत घेतलं की पाणी ते,
चढला की पूर तो,
आणि पुलावर उभे राहून बघणाऱ्या हजारातल्या एकालाही
त्यात काही वावगं दिसत नाही.
रामकुंडाशी तळाला सिमेंट ओतलंय.
खाली जुने झरे आहेत, म्हणतात.
असतील.

परवाची गोष्ट. बहिणीचा ब्लाउज न्यायला
सातपूरचा आलाच नाही.
तयार आहे, हॅंगरला आहे, वर जुनी ओढणी टाकून.
काज डावीकडे की उजवीकडे, विचारायचं राहून गेलं होतं;
शेवटी हूक लावले, पाठीत.

दुकान बंद करून घरी यायला दहा वाजतात.
आईला आता दिसत नाही फारसं.
दार वाजलं की आतून विचारते,
'कोण आलं?'
आलं.
सगळं गाव असंच विचारतं, दार उघडायच्या आधी.

'मी.'
'हात धू,' म्हणते. 'वरण गरम करते.'